राखणदाराची गोफण

या, बसा असे चुलीपाशी. कणसं भाजायला वेळ आहे अजून, तोवर तुमचे कालचे प्रश्न घेऊ. परवा तुमच्या काकानं दिवसभर बांधावरचं गाजर गवत उपटलं. काल सकाळी उठला तर डोळे सुजून बारीक झालेले, मानेच्या वळ्यांत आणि कोपराच्या आतल्या घडीत लालभडक पुरळ, खाजवून खाजवून कातडी सोललेली. तू विचारलंस, "आबा, गवतानं काकाला काय केलं?" आणि हा धाकटा लगेच म्हणाला, "मी पण उपटलं की तेच गवत. मला कुठं काय झालं?"

इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण इतके नेमके दोन प्रश्न एका दमात क्वचितच कुणी विचारले. पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की गवतानं काकाला काहीच केलं नाही. जे केलं ते काकाच्या अंगानंच केलं. आणि धाकट्या, तुझं अंग तसं वागलं नाही, एवढाच तुझ्यात नि काकात फरक. हे कसं, ते सांगायचं तर आधी त्या गवताची गोष्ट सांगावी लागेल.

मी तुमच्याएवढा होतो तेव्हा हे गवत आपल्या शिवारात नव्हतं. बांधावर तरोटा असायचा, आघाडा, हरळी, कुंदा. गाजर गवताचं मूळ घर तिकडे मेक्सिकोच्या आखाताभोवती. आपल्याकडं ते ठळकपणे नजरेत आलं पुण्यात, १९५५ साली. अमेरिकेतून धान्य आलं त्याच्या गोण्यांतून बी आलं, असं सगळे सांगतात. त्याआधीचे तुरळक नमुनेही वनस्पतितज्ज्ञ दाखवतात. कसं का येईना, एकदा रुजल्यावर ते थांबलं नाही. एकेक झाड १५-२० हजार बिया टाकतं. वाहत्या पाण्यातून, चाऱ्याच्या पेंढ्यांतून, ट्रकच्या टायरला लागलेल्या चिखलातून ते बालाघाटाच्या डोंगरावर चढलं. आपली मांजरा नदी गवळवाडीजवळ जिथं उगम पावते, तिथल्या माळापासून ते सौताड्याच्या धबधब्याच्या वाटेपर्यंत आज कुठंही बघा, पावसाळ्यात पांढऱ्या ठिपक्यांची चादर. पान गाजरासारखं म्हणून गाजर गवत, पांढरी फुलं टोपीसारखी म्हणून काँग्रेस गवत. कुणी चटक चांदणीही म्हणतं. एवढं गोड नाव कुणी ठेवलं असेल त्याचा हात त्या गवताला लागला नसणार.

पुण्यात ते माजल्यावर काही वर्षांनी त्वचेच्या दवाखान्यांत एक नवा आजार दिसायला लागला. उघड्यावर काम करणारी मोठी माणसं यायची. चेहरा, पापण्या, मान, हाताच्या घड्या सुजलेल्या, पावसाळ्यात जोर, आणि वर्षानुवर्षं चाललं तर चेहऱ्याची कातडी जाड, काळपट. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत याचा माग काढला आणि बोट या गवतावर ठेवलं. गवताच्या अंगावरच्या बारीक लवेत एक द्रव्य असतं, पार्थेनिन त्याचं नाव. गवत वाळून चुरा झालं, तो चुरा वाऱ्यानं उडाला, तरी त्यात पार्थेनिन असतंच. म्हणून काही जणांना गवत न उपटताही, नुसतं रस्त्यानं चालूनही त्रास होतो.

आता नीट ऐका, गोष्ट इथंच वळते. पार्थेनिन हा काही सापाच्या विषासारखा प्रकार नाही. त्याचा कण इतका बारीक असतो की अंगाच्या पहारेकऱ्यांना तो एकटा असता तर दिसलाही नसता. पण तो कातडीत शिरतो आणि आपल्याच कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो. समजा, अंधारात तुझा काका वस्तीवर येतोय, आणि कुणीतरी त्याच्या अंगावर परक्या माणसाचं घोंगडं टाकलं. कुत्रा काय करील? भुंकेल, अंगावर जाईल. आत माणूस घरचाच आहे, पण ओळख बदलली. काकाच्या कातडीत परवा हेच झालं.

"मग आबा, कुत्रं कोण?"

सांगतो. कुत्र्यापेक्षा मी तुम्हाला राखणदार सांगतो, कारण ती राखण मी स्वतः केलीय. ज्वारी हुरड्यात आली की आमचे वडील मला माळ्यावर बसवायचे. माळा म्हणजे चार मेढी रोवून केलेली उंच बैठक. हातात गोफण, शेजारी दगडांचा ढीग. पाखरांचा थवा उतरला की गोफण फिरवायची आणि "हो ऽऽ" करून दगड सोडायचा. नेम मारणं दोन दिवसांत येतं. अवघड काय असतं सांगू? दगड कधी सोडायचा नाही, हे कळणं. पहाटेच्या धुक्यात ज्वारीत काहीतरी हलतं. रानडुक्कर आहे, की आपलीच कालवड सुटलीय, की आई भाकरी घेऊन येतेय? एकदा मी भलत्याच हलण्यावर दगड सोडला आणि तो आमच्याच बैलाच्या डोळ्याखाली लागला. वडील मला ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "हात चांगला हाय तुझा. आता डोळा तयार कर."

तुमच्या अंगात या घटकेला असे अब्जावधी राखणदार फिरतायत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणतात त्यांना. त्यांच्याजवळ गोफणी आहेत, भाले आहेत, जंतू गिळून टाकणारी तोंडं आहेत. ते नसते तर साध्या काट्याच्या जखमेनं माणूस गेला असता. लोक म्हणतात प्रतिकारशक्ती वाढवा, अमुक काढा घ्या, तमुक चूर्ण घ्या. कोरोनाच्या काळात तर घरोघरी तेच चाललं होतं. मला ते ऐकून वाईट वाटायचं. तुमच्या काकाला शक्ती कमी पडलेली नाही रे. त्याच्या गोफणीला आणखी दगड देऊन काय होणार? त्याचा हात उत्तम आहे, डोळा चुकलाय.

हा डोळा तयार कुठं होतो, ते ऐकाल तर चकित व्हाल. हात इथं ठेवा, छातीच्या मधल्या हाडावर. या हाडामागं, हृदयाच्या वरच्या अंगाला, एक मऊ ग्रंथी असते. थायमस. कित्येक शतकं वैद्यांना तिचा उपयोगच कळला नव्हता. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर नावाच्या तरुण डॉक्टरनं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून बघितली. ते उंदीर साध्यासाध्या जंतूंपुढं टिकेनात, आणि दुसऱ्या उंदराची कातडी त्यांना लावली तर ती परकी आहे हेसुद्धा त्यांच्या अंगाला कळेना. तेव्हा उलगडलं, की ही राखणदारांची शाळा आहे. इथं शिकून निघतात त्या पेशींना थायमसच्या नावावरूनच टी पेशी म्हणतात.

आणि शाळा कसली! आपल्या शाळेत नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं. तिथं नाही. प्रत्येक कोवळ्या पेशीच्या अंगावर एक सापळी असते, कुलपासारखी, आणि ती प्रत्येकीची वेगळी. निसर्ग ती मुद्दाम अंदाधुंद बनवतो, कारण उद्या कुठला जंतू येणार हे आज कुणाला ठाऊक? अशा कोट्यवधी कुलपांत एखादं नव्या जंतूला बरोबर बसणारं निघतंच. पण अंदाधुंद बनवली, की काही कुलपं आपल्याच हृदयाला, आपल्याच कातडीला बसणारी निघणार. मग शाळेत परीक्षा. आधी बघतात, हिला काही ओळखता तरी येतं का. येत नसेल तर बाद. मग तिच्यासमोर आपल्याच अंगाचे नमुने धरतात. ती त्यांच्यावर तुटून पडली, तर तिला तिथंच मरावं लागतं. शंभरातल्या पाचदेखील धड पास होऊन बाहेर पडत नाहीत.

"पण छातीतल्या शाळेत पोटातले नमुने कुठून येणार?" बघ, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात, मग थायमसमध्ये ते दाखवणार कसं? १९९७ साली त्याचं उत्तर हाती लागायला लागलं. थायमसमधल्या काही पेशींत एक जनुक असतं, एअर नावाचं. त्याच्या जोरावर त्या पेशी साऱ्या अंगातली प्रथिनं थोडी थोडी स्वतःच बनवतात. इन्सुलिनचा मासला, डोळ्यातल्या प्रथिनाचा मासला. म्हणजे वर्गाच्या भिंतीवर साऱ्या गावाचे फोटो लावलेत, आणि मास्तर सांगतायत, हे सगळे आपले, यांच्यावर हात उचलायचा नाही. ज्या लेकरांच्या या जनुकात दोष असतो, त्यांच्या वर्गात भिंती कोऱ्या असतात, आणि पुढं त्यांच्या निरनिराळ्या ग्रंथींवर त्यांचेच राखणदार चालून जातात. चाळीस वर्षं शाळेत गेलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल! मी ते पान तीनदा वाचलं.

आणखी एक. ही शाळा तुमच्या वयात गजबजलेली असते. वयात आलं की ती आकसायला लागते, तिथं चरबी भरते. तुमच्या छातीत आत्ता वर्ग चालू आहेत. माझ्या छातीतल्या शाळेला कधीच कुलूप लागलंय. माझी राखण करतायत ते सगळे जुने विद्यार्थी.

कणीस फिरव गं, करपायलंय ते.

तर काकाचं काय झालं? पहिल्या वर्षी त्यानं गवत उपटलं तेव्हा त्याला काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. पण त्या काळात कधीतरी, एखाद्या टी पेशीनं ते घोंगडं पांघरलेलं प्रथिन बघितलं आणि परकं ठरवलं. तिनं आपल्यासारख्या हजारो तयार केल्या आणि त्या कातडीत दबा धरून बसल्या. आता गवताचा चुरा लागला, की दिवसा-दोन दिवसांत त्या सगळ्या जमा होतात. परवा उपटलं आणि काल सुजला, ते म्हणूनच. आणि धाकट्या, तुझ्यातल्या कुठल्या पेशीनं अजून तसं ठरवलेलं नाही. काही रक्तातून येतं, काही किती वर्षं संबंध आला त्यावर ठरतं, काही निव्वळ योगायोग. पण "मला काही होत नाही" म्हणून उद्या उघड्या हातानं उपटायला जाऊ नकोस. काकाही असंच म्हणायचा.

पहिल्यांदा असा त्रास झाला होता, तेव्हा काकाला वाटलं ऊन बाधलं. मग बीडला त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टीखाली वेगळा पदार्थ, दोन दिवसांनी काढून बघितल्या. गाजर गवताच्या चौकोनाखालीच कातडी लाल फुगलेली. शेवंतीच्या चौकोनाखालीही थोडी. शेवंती नि गाजर गवत एकाच कुळातली, त्यांची द्रव्यं चुलत भावंडांसारखी. तुम्ही विचारता ना, दसऱ्याला काका शेवंतीचा हार ट्रॅक्टरला घालायला का देत नाही. ते म्हणून.

सगळ्या ॲलर्जी अशा दिवसा-दोन दिवसांनी येत नाहीत. मधमाशी चावली की काही जणांच्या अंगावर पाच मिनिटांत गांधी उठतात, आपण पित्त उठलं म्हणतो, ओठ सुजतो, छाती भरते. तिथं राखणदार वेगळा. त्याची गोष्ट मासे न सोसणाऱ्या डॉक्टरची. १९२१ साली जर्मनीच्या ब्रेस्लाऊ गावात, ते आता पोलंडमध्ये आहे, क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेले मासे चालायचे नाहीत. त्याचा सहकारी प्राउसनिट्झ, त्याला मासे अगदी चालायचे. त्यानं काय करावं? क्युस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग काढून स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथंच माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली! मित्राची ॲलर्जी त्याच्या कातडीत मुक्कामाला आली होती. म्हणजे रक्तात काहीतरी होतं. काय, ते कळायला पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका नावाच्या जपानी नवरा-बायकोनं ते पकडलं. त्यांनी ज्या रोग्यांचं रक्त वापरलं त्यांना रॅगवीड नावाच्या तणाच्या परागाची ॲलर्जी होती, आणि हे रॅगवीड आपल्या गाजर गवताच्याच कुळातलं. त्या पदार्थाचं नाव आयजीई. आपल्या कातडीत, नाकात, आतड्यात काही पेशी असतात, हिस्टामिनच्या पुड्यांनी ठासून भरलेल्या. आयजीई त्यांच्यावर चिमट्यासारखं बसून असतं. चिमट्यात परका कण सापडला की सगळ्या पुड्या एकदम फुटतात.

"असलं कशाला ठेवलंय अंगात?" जंतांसाठी. तुम्हाला शाळेत फेब्रुवारीत नि ऑगस्टमध्ये गोळी देतात ना, ती जंतांची. माणसाच्या सगळ्या इतिहासात पोटात जंत आणि अंगावर गोचीड हे रोजचंच होतं. एवढ्या मोठ्या शत्रूला गिळता येत नाही, म्हणून खाजवून, शिंकून, पातळ जुलाबानं बाहेर ढकलायचं. ही जुनी शिपाईगिरी आजही जागी आहे, आणि कधी गोधडीतल्या धुळीतल्या बारीक किड्यांच्या विष्ठेला, कधी वेड्या बाभळीच्या परागाला, ती जंत समजते. जर्मनीच्या बव्हेरियात संशोधकांनी बघितलं, की गोठ्याशेजारी वाढलेल्या लेकरांना दमा आणि परागांची सर्दी कमी होते. तुमची आजी तुम्हाला गोठ्यात खेळू देते तेव्हा मी काही बोलत नाही, त्याचं कारण तेच.

पण ही शिपाईगिरी साऱ्या अंगात एकदम उसळली तर माणूस मिनिटांत जातो. फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये हे पहिल्यांदा नीट मांडलं. समुद्रातल्या एका प्राण्याचं विष कुत्र्याला अगदी थोडं दिलं, तो बरा होता. काही आठवड्यांनी पुन्हा तसंच थोडं दिलं, तर कुत्रा अर्ध्या तासात मेला. त्याचं नाव नेपच्यून. त्यांना वाटलं होतं सवयीनं विष सोसेल, झालं उलटं. रिशेला १९१३ साली नोबेल मिळालं. आपल्या भागात हे कामाचं कुठं, तर सर्पदंशात. फुरसं, घोणस, नाग, मण्यार यांच्यावरचं प्रतिविष घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तातून काढतात. मुंबईत परळच्या हाफकिनमध्ये हे काम चालत आलंय. त्या औषधानं माणूस वाचतो. पण ते शेवटी घोड्याचं प्रथिन. एखाद्याचे राखणदार त्यालाच परकं म्हणून उसळतात. म्हणून प्रतिविष देताना डॉक्टर शेजारी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन भरून ठेवतात. कुणी म्हणालं औषधानं रिॲक्शन येते म्हणून दवाखान्यात नको, मांत्रिकाकडं नेऊ, तर ऐकायचं नाही. रिॲक्शनवर इलाज आहे. विषावर दुसरा नाही.

"काय सांगायलात लेकरायला साप नि कुत्रे, झोपंत घाबरतील," आजी म्हणतेय. बरं, मग आजीचीच गोष्ट सांगतो.

तुम्ही लहान होता तेव्हाची. आजी सकाळी उठायची आणि तिच्या बोटांची मूठच वळायची नाही. तासभर, दीड तास. गरम पाण्यात हात धरून बसायची. दोन्ही हातांची बोटांची पेरं सुजलेली, सारखीच. आयुष्यभर हातावर भाकरी थापलेली बाई, तिला पीठ मळता येईना. शेजारपाजारचे म्हणाले वय झालं, थंडी बाधली, वात आला. नाव वातच आहे त्याचं, आमवात. पण थंडीनं नाही झाला. सांध्याच्या आत एक मऊ अस्तर असतं. आजीच्या राखणदारांनी त्या अस्तरालाच परकं ठरवलं. इथं वरून घोंगडं टाकायला गाजर गवत नव्हतं. आपलाच माणूस, आपल्याच कपड्यांत, आणि दगड त्याच्यावर. बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो.

लोक म्हणतात, कुंपणच शेत खातंय. मला ही म्हण इथं लावायला आवडत नाही. कुंपण खातं ते हावेनं. आजीच्या पेशी हावेनं काही करत नव्हत्या. त्या जिवाच्या करारानं राखण करत होत्या, धुक्यात. तिला आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली डॉक्टरांनी. रोज घेतली तर घातक, म्हणून मी दिनदर्शिकेवर रविवारी खूण करतो. ती गोळी गोफणीचे हात जरा आखडते. चार महिन्यांनी आजीची मूठ वळली. पेरं वाकडी झाली तेवढी राहिली, कारण आम्ही दवाखान्यात जायला दोन वर्षं लावली. ते माझं चुकलं.

असेच चुकलेले राखणदार कुणा लेकराच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशी संपवतात, मग त्याला रोज सुई घ्यावी लागते. कुणाचा घसा दुखतो, त्यातल्या जंतूचं रूप हृदयाच्या झडपेसारखं दिसतं, आणि जंतूवर सोडलेला दगड झडपेला लागतो. दाटीवाटीनं राहणाऱ्या घरांत, ऊसतोडीवर कोप्यांत राहणाऱ्या लेकरांत याची भीती जास्त. असं झालेल्या लेकराला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, म्हणजे घसाच पुन्हा धरू नये. गावातून तोडीला निघताना इतर सामानाबरोबर इंजेक्शनची चिठ्ठी घ्यायला विसरू नका, असं मी आईबापांना सांगत आलोय.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला आधी कधी सांगितली नाही. मी नवा मास्तर होतो, दुसऱ्या गावात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. तिच्या ओठाशेजारी आणि बोटांच्या टोकांवर पांढरे डाग आले. कोड. दोन पालक आले आणि म्हणाले, तिला वेगळं बसवा. मला ठाऊक होतं की हे लागत नाही, पुस्तकात होतं. तरी मी तिला खिडकीशेजारी एकटीला बसवलं. महिनाभर. मग ती यायची थांबली. घरी कळलं की तिला दूध आणि मासे बंद केलेत, कुठल्या देवाचा कोप म्हणून उपास धरायला लावलेत.

तिच्या कातडीत काय झालं होतं, तर रंग बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांना तिच्या टी पेशींनी परकं ठरवलं होतं. एवढंच. जगात शंभरात एखाद्याला होतं. ना संसर्ग, ना कुष्ठ, ना पाप. मी घरी गेलो आणि तिच्या बापाला हे सांगितलं, आणि तिला दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसवलं. पण खिडकीशेजारचा महिना मी परत घेऊ शकलो नाही. पुढं पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी श्वेता असोसिएशन काढली, आणि २००६ मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांनी 'नितळ' हा सिनेमा केला, त्यात कोड असलेली एक मुलगी डॉक्टर असते. तो बघताना मला ती खिडकी दिसत होती.

"आबा, शाळेत इतकी परीक्षा असते, तरी असं का होतं?"

कारण शंभर टक्के कडक परीक्षा कुठल्याच शाळेत नसते. काही पेशी चुकून सुटतातच. तुमच्या अंगातही आहेत, माझ्याही. तरी बहुतेकांना काही होत नाही. का, ते शोधायला फार वर्षं गेली. जपानमध्ये संशोधकांना दिसलं होतं, की जन्मल्यावर तीन दिवसांनी उंदराचा थायमस काढला, तर राखणदार कमी व्हायचे सोडून उलट बेफाम होतात, स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतात. म्हणजे त्या शाळेतून आणखी एका जातीचे विद्यार्थी निघत होते, जे आता निघेनात. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी ते ओळखून दाखवले. हे लढत नाहीत. लढणाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. थांब म्हणतात. तिकडं अमेरिकेत १९४० च्या दशकापासून एक उंदरांची जात जपलेली होती, तिचे नर खवलेदार कातडीचे जन्मायचे आणि काही आठवड्यांत मरायचे. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्या जनुकातली चूक शोधली. फॉक्सपी३ म्हणतात त्या जनुकाला. त्याच जनुकात दोष असलेली माणसांची मुलंही सापडली, तान्ही, सारं अंग पेटलेली. आणि मग कळलं, की थांब म्हणणाऱ्या पेशी याच जनुकावर घडतात. या तिघांना २०२५ चं वैद्यकातलं नोबेल मिळालं.

मी ती बातमी वाचली आणि मला आमच्या वडिलांचा माळा आठवला. माझ्या शेजारी कधी कधी एक म्हातारे गडी बसायचे. त्यांच्याकडं गोफण नसायची. मी हात उचलला की ते मनगट धरायचे आणि म्हणायचे, "दम धर. हलू दे जरा. बघू कोण हाय."

काका हाक मारतोय वाटतं. त्याला सांगा, मलम तेवढंच लाव जेवढं डॉक्टरनं सांगितलंय, मेडिकलवाल्यानं दिलेली दुसरी ट्यूब नको. गवत फुलायच्या आत, ओल्या मातीत, हातमोजे नि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून काढायचं, आणि ते काका नाही काढणार, मी काढीन. मेक्सिकोचा एक भुंगा आहे, १९८४ मध्ये बंगळुरूला पहिल्यांदा सोडला, तो हे गवत खातो. परभणीच्या विद्यापीठातून ते भुंगे मिळतात, पुढच्या आठवड्यात एक डबी आणू. बांधावर तरोट्याचं बी फेकू, तो या गवताला दाबतो.

आणि पोरी, तू रविवारी सकाळी लवकर उठ. आजीच्या हाताला गरम पाणी द्यायचंय. पहिली भाकरी तू थाप, दुसरी ती थापेल.